डब्लिनला गेलात, तर वाळूच्या टेकड्यांवर चाला

मुलाची वा मुलीची नोकरी डब्लिनला असली, की कधी ना कधी आईवडिलांचे तिकडे जाणे होते. आयर्लंडचा अल्पमुदतीचा व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा असतो आणि नातवंडांच्या ओढीने पुष्कळ मंडळी ते सारे दिवस तेथेच काढतात. सामानात येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि तीन महिन्यांची औषधे आठवणीने भरली जातात. कंधारच्या किल्ल्याच्या बाजूने किंवा जगत्तुंग सागराकडे होणारी रोजची सकाळची फेरी मात्र मागेच राहते. तिकडचे घर ऊबदार, खिडक्या बंद, पायाखाली गालिचा. मुले कामावर, नातवंडे शाळेत, आणि रस्त्यावर 'रामराम' घालणारे कोणी नाही. बाहेर थंडी आहे, वारा आहे, या सबबी तर खऱ्याच असतात. तीन महिने असे बसून काढले, की रक्तातील साखर वाढते, गुडघे आखडतात आणि परत आल्यावर जुनी फेरी पूर्ण करताना दम लागतो. साठी उलटलेल्या शरीरात चालण्याची ताकद लवकर ओसरते व परत मिळवायला फार वेळ लागतो. म्हणून हा विषय आपल्यासमोर मांडावासा वाटला.

आयर्लंडमध्ये चालण्यासाठी उत्तम जागा कोणती, असे विचाराल तर उत्तर थोडे अनपेक्षित आहे: समुद्रकाठच्या गोल्फ मैदानांचा परिसर. गोल्फ म्हटले की आपल्याकडे साहेबांचा, लष्करी छावणीचा किंवा उद्योगपतींचा खेळ डोळ्यांसमोर येतो, आणि तो समज अगदीच निराधार नाही. पण आयर्लंड व स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील या मैदानांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना 'लिंक्स' म्हणतात. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा जो पट्टा असतो, त्याचे हे जुने नाव. मूळ शब्दाचा अर्थ उंचवटा. या जमिनीत पीक येत नसे, म्हणून ती मेंढ्यांना चरायला सोडलेली असे. वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी मेंढ्या जेथे अंग चोरून बसत, तेथे वाळू उघडी पडून खड्डे झाले आणि तेच पुढे खेळातील अडथळे बनले, असे सांगतात. एका अर्थी हे गायरानच. झाडे जवळजवळ नाहीत, कृत्रिम तळी नाहीत. आखूड, चिवट गवत, उंचसखल टेकड्या आणि सतत वाहणारा वारा.

चालणाऱ्याच्या दृष्टीने या मैदानाचा पहिला गुण त्याच्या मातीत आहे. डब्लिनला वर्षभरात साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याच्या सरासरीपेक्षाही कमी. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो, तिकडे तो बारा महिने थोडा थोडा झिरपत राहतो. आपली काळी माती एका सरीनंतर चपलेला अशी धरते की श्रावणात फेरी बंदच पडावी. लिंक्सची वाळू पाणी लगेच पिऊन टाकते. सर येऊन गेली, की थोड्या वेळात त्याच गवतावरून कोरडे चालता येते. वाळूवरचे गवत पायाखाली किंचित दबते, त्यामुळे सिमेंटच्या रस्त्यापेक्षा गुडघ्यांना ते सोसवते. आणि जमीन सपाट नसल्याने घोटा, पोटरी व कंबर यांना प्रत्येक पावलाला तोल सावरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते; ज्येष्ठांसाठी तोल सुधारणारा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावा, असेही ती सांगते. आपण चालण्याची मिनिटे मोजतो, तोलाचा विचार करीत नाही, आणि म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडते तेव्हा तो विचार करायला उशीर झालेला असतो.

गोल्फच्या अठरा टप्प्यांचा एक पूर्ण खेळ म्हणजे आठ ते दहा किलोमीटरची चाल आणि चार-साडेचार तासांचा वेळ. स्वीडनमधील संशोधकांनी तीन लाखांहून अधिक गोल्फ खेळणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा समान वयाच्या व समान आर्थिक थरातील इतरांपेक्षा त्यांचा मृत्युदर सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा ऐकून लगेच काठी विकत घ्यायला नको. जो मुळात धडधाकट तोच खेळायला जातो, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. मला अधिक बोलका वाटतो तो फिनलंडमधील 2023 सालचा लहानसा प्रयोग. पासष्ट वा त्याहून अधिक वयाच्या पंचवीस निरोगी खेळाडूंनी एकदा अठरा टप्प्यांचा गोल्फ खेळला, एकदा सहा किलोमीटर साधी चाल केली आणि एकदा दोन काठ्या टेकीत तेवढेच अंतर चालले. तिन्हींनी वरचा रक्तदाब उतरला. रक्तातील साखर व चरबीवर गोल्फचा परिणाम थोडा सरस दिसला, जरी त्यात चालण्याची गती सर्वांत मंद होती. अधिक वेळ, अधिक अंतर, मधूनमधून थांबणे, हेच त्याचे कारण असावे. भरभर चालणे ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष कोठे जायचे ते पाहू. डब्लिन शहरालगतच, क्लॉन्टार्फ आणि रहेनी या वस्त्यांसमोर, नॉर्थ बुल नावाचे सुमारे पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. हे बेट दोनशे वर्षांपूर्वी जवळपास नव्हतेच. बंदराच्या तोंडाशी गाळ साचून जहाजे अडत, म्हणून 1825 पर्यंत समुद्रात एक लांब भिंत बांधण्यात आली. त्याआधी या खाडीची पाहणी 'बाउंटी' जहाजावरील बंडामुळे जगाला ठाऊक असलेल्या कॅप्टन ब्लाय यांनी केली होती. भिंतीने प्रवाहाची दिशा बदलली, बंदराचे तोंड खोल झाले आणि भिंतीच्या उत्तरेला वाळू साठत साठत बेट उभे राहिले. त्या बेटावर 'रॉयल डब्लिन' हा 1885 साली स्थापन झालेला गोल्फ क्लब आहे, शेजारी 'सेंट ॲन्स' हा दुसरा क्लब आहे. 1981 पासून या बेटाला युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. हिवाळ्यात कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातून ब्रेंट जातीचे हंस तेथे उतरतात. राजधानीच्या अंगणात असे ठिकाण असणे हे डब्लिनकरांचे भाग्यच.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. क्लबचे मैदान सभासदांचे व शुल्क भरणाऱ्या पाहुण्यांचे असते. नावाजलेल्या क्लबांत पाहुण्यांना एका खेळासाठी काही शे युरो मोजावे लागतात. आपल्या निवृत्तिवेतनातून तो खर्च करा, असे मी मुळीच सुचवणार नाही. मैदानाच्या कडेचा समुद्रकिनारा आणि टेकड्यांमधील पाऊलवाटा मात्र सर्वांसाठी खुल्या आहेत. तोच वारा, तीच वाळू, तेच गवत. गुडघ्यांचा त्रास असेल तर प्रथम काही दिवस सपाट भिंतीवरूनच चालावे. पाय सरावले की किनाऱ्याची ओली, घट्ट वाळू आणि मग टेकड्यांमधील वाट, असा क्रम ठेवावा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पहिल्याच दिवशी तासभर चाललात, तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जिना चढू देणार नाहीत. मैदानालगत चालताना 'फोर!' अशी आरोळी कानी पडली, तर वर पाहू नये. डोके हातांनी झाकून खाली वाकावे. चेंडू आपल्या दिशेने येत असल्याचा तो इशारा असतो.

काठी हातात घेऊन पाहण्याची हौस असेल, तर तिलाही स्वस्त वाट आहे. 'पिच अँड पट' नावाचा गोल्फचा धाकटा भाऊ आयर्लंडमध्ये गावोगाव खेळला जातो. त्याचा एकेक टप्पा 90 मीटरच्या आत आणि सगळे मिळून अंतर एक किलोमीटरच्या आत असते. काठ्या तेथेच भाड्याने मिळतात, आजोबा व नातू जोडीने खेळू शकतात. कमरेचे मणके दुखत असतील तर जोरात फटका मारण्याचा मोह टाळावा. गोल्फ खेळणाऱ्यांची सर्वांत सामान्य तक्रार कंबरदुखीचीच असते.

सुटीत मुले पश्चिमेकडे मोहरच्या कड्यांना नेतील, तेव्हा जवळच लाहिंच हे गाव लागेल. तेथील क्लब 1892 चा. त्याच्या बोधचिन्हावर बकरी आहे, कारण मैदानावर चरणाऱ्या बकऱ्या हवामानाचा अंदाज देतात अशी तेथील जुनी श्रद्धा. बकऱ्या क्लबच्या इमारतीच्या आसऱ्याला आल्या, की वादळ येणार. दूर टेकड्यांवर चरत असल्या, की दिवस चांगला. क्लबमधील वायुभारमापक बिघडला, तेव्हा त्यावर 'बकऱ्या पाहा' अशी पाटी लावल्याचे सांगतात. ढोरे शेपट्या वर करून उधळली की पाऊस ओळखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वाऱ्याविषयी मात्र गांभीर्याने बोलले पाहिजे. उन्हाळ्यातही डब्लिनचे दुपारचे तापमान एकोणीस-वीस अंशांच्या आसपास असते आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ते अंगाला बरेच कमी भासते. मेमध्ये चाळीस अंशांच्या पुढे तापणाऱ्या कंधारहून गेलेल्या शरीराला हा पालट मोठा आहे. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा आत सुती, मध्ये लोकरी आणि वर वारा अडवणारे जाकीट असे तीन पदर बरे. ऊब वाढली की एक काढता येतो. कानटोपी हवीच. साडी नेसणाऱ्या भगिनींनी या वाऱ्यापुरता तरी सलवार वा पँटचा विचार करावा. फडफडणारा पदर सावरताना वाटेकडचे लक्ष उडते, आणि टेकड्यांत सशांची बिळे असतात. पायात बंद बूट व लोकरी मोजे घालावेत, आणि बूट दुपारनंतर खरेदी करावेत, कारण तोवर पाय किंचित फुगलेले असतात.

थंड वाऱ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हृदयविकार असणाऱ्यांनी भरपेट जेवणानंतर वाऱ्याच्या तोंडी चढण चढू नये आणि जिभेखाली ठेवण्याची गोळी आतल्या खिशात बाळगावी. छातीत दडपण आले तर तेथेच थांबावे; 'गाडीपर्यंत पोहोचू' हा विचार घातक ठरतो. आयर्लंडमध्ये तातडीच्या मदतीसाठी 112 किंवा 999 हे क्रमांक आहेत. दमा असल्यास नाकातोंडावरून मफलर घ्यावा व श्वासाचा पंप जवळ ठेवावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांबच्या चालीत एकाएकी उतरू शकते, आणि थंडीत घाम व थरथर यांकडे दुर्लक्ष होते. ग्लुकोजच्या गोळ्या वा साखरेची पुडी खिशात असावी व एकट्याने फार दूर जाऊ नये. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नेत्रतज्ज्ञांच्या परवानगीवाचून वाळू उडणाऱ्या वाऱ्यात जाऊच नये. आणखी एक, जे संकोचामुळे कोणी सांगत नाही: थंडीत लघवी अधिक होते, किनाऱ्यावर स्वच्छतागृहे मोजकीच असतात, आणि म्हणून कित्येक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत. तसे करू नका. निघण्यापूर्वी जाऊन या आणि पाणी घोट-घोट पीत राहा.

जाण्याचा काळ निवडणे हाती असेल, तर मे ते ऑगस्ट निवडावा. जूनमध्ये तेथे दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो. मुलगा वा सून कामावरून परतल्यावरही रात्री नऊ वाजता उजेडात सगळ्यांना मिळून चालता येते. डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम साडेसात तास, आणि ऊन इतके तिरपे की त्वचेला त्यातून ड जीवनसत्त्व बनवता येत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला तर मुळातच अधिक ऊन लागते. हिवाळ्याचा मुक्काम असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना त्याविषयी विचारून घ्यावे.

मधुमेह असणाऱ्यांनी घरी परतल्यावर बूट दाराबाहेर झटकावेत, मोजे उलटे करून पाहावेत आणि तळवे उजेडात नीट तपासावेत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे. वाळूचा एखादा कण बोटांच्या बेचक्यात घासत राहतो आणि बधिर पायाला त्याचा पत्ताही लागत नाही. कोमट पाण्याने पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात, मग चहा घ्यावा.