दाते प्लास्टिकचेच बरे! फोर-व्हील-ड्राइव्ह आरसी गाड्यांबद्दलचे गैरसमज

रिमोटवर चालणाऱ्या आरसी गाडीचा पहिला स्पर गिअर, म्हणजे मोटरवरच्या छोट्या पिनियनने फिरणारा मोठा गिअर, गुळगुळीत झाला, की मालक तडक धातूचा गिअर शोधायला निघतो. दुकानदारही आनंदाने काढून देतो. मग त्याच फेरीत निळे अॅल्युमिनियमचे कप, चकचकीत शाफ्ट आणि चार दाते मोठा पिनियन अशी खरेदी होते, आणि पुढे गाडी मैदानापेक्षा टेबलावरच जास्त दिसायला लागते. मोटरपासून चाकापर्यंत ताकद पोचवणाऱ्या भागांबद्दल, म्हणजे ड्राइव्हट्रेनबद्दल, ऐकीव माहिती भरपूर आणि हिशेब कमी, अशी एकंदर परिस्थिती आहे. इथे उदाहरणाला बहुतेक वेळा तामियाची टीटी-02 घेतली आहे. 2013 साली आलेली ही 1/10 मापाची शाफ्टवर चालणारी गाडी साधी आहे आणि तिचे आकडे पडताळता येतात.

गैरसमज: धातूचा स्पर गिअर बसवला की कटकट मिटली

गाडी कठड्याला आपटते तेव्हा चाकं एका क्षणात थांबतात आणि मोटर फिरतच राहते. तो झटका कुठेतरी जिरावाच लागतो. प्लास्टिकचा स्पर अशा वेळी घरातल्या फ्यूजचं काम करतो. स्वतः जातो, बाकीच्यांना वाचवतो. तो धातूचा केला, की झटका पुढच्या कमकुवत भागावर जातो: डिफचा (दोन बाजूंना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलचा) बाहेरचा कप, म्हणजे आउटड्राइव्ह, शाफ्टची पिन, नाहीतर थेट गिअरबॉक्सचं प्लास्टिकचं घर. स्पर चार स्क्रू काढून बदलता येतो. घराला तडा गेला तर अर्धी गाडी उसवावी लागते.

मग धातू कुठेच नको का? हवा, पण जागा बघून. पिनियन कडक पोलादाचाच असावा. अॅल्युमिनियमचा पिनियन धुळीत लवकर झिजतो, त्याचे दाते टोकदार होतात आणि मग तेच स्परला खायला उठतात. आपल्याकडच्या मातीच्या मैदानांवर तर हे फार लवकर होतं. लोक दोष स्परला देतात, गुन्हेगार मात्र पिनियन असतो. ज्या कपात शाफ्टची पिन घासते, तोही पोलादाचा हवा. अॅल्युमिनियमच्या कपात पोलादी पिन खाच पाडते. उलट चाकामागचा हेक्स किंवा मधला लांब शाफ्ट अॅल्युमिनियमचा असला तरी बिघडत नाही, कारण तिथे घासाघीस नाही.

अर्माच्या क्रेटनसारख्या 6 सेलच्या अवजड गाड्यांत स्पर पोलादाचाच येतो, हे खरं. पण तिथे दाते जाड आहेत, डिफ मोठे आहेत, शाफ्टही त्या मापाचे आहेत. तेवढा एक भाग उचलून 1/10 गाडीत त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही.

गैरसमज: पिनियन जितका मोठा तितकी गाडी वेगवान

हिशेब करूनच पाहू. टीटी-02 मध्ये स्पर 70 दात्यांचा, पिनियन 22 दात्यांचा आणि गाडीच्या पोटातलं स्थिर प्रमाण 2.6. म्हणजे 70 भागिले 22, गुणिले 2.6: मोटर 8.27 फेरे मारते तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. समजा 3000 केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 3000 फेरे मारणारी, ब्रशलेस मोटर 7.4 व्होल्टच्या 2 सेल लिपो बॅटरीवर लावली. बिनभाराचे मिनिटाला 22,200 फेरे झाले. चाकाचा व्यास 63 मिलिमीटर धरला, तर कागदावरचा वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास येतो. पिनियन 25 दात्यांचा केला की प्रमाण 7.28 होतं आणि वेग 36 वर जातो.

चार किलोमीटर मिळाले. दिले किती? चाकावर तेवढाच जोर हवा असेल, तर मोटरला साधारण पावणेचौदा टक्के जास्त करंट ओढावा लागतो. वेटोळ्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांनी. अरुंद, वळणावळणाच्या जागेत गाडी तो कमाल वेग कधी गाठतच नाही, फक्त दर वळणानंतर जास्त करंट ओढत राहते. विदर्भातल्या मे महिन्यात हवाच 45 अंशांवर असते, तिथे मोटरला थंड व्हायला वाव किती उरतो याचा विचार करावा. पिनियन एका वेळी एकच दाता वाढवावा, पाच मिनिटं गाडी चालवावी आणि मोटरचं तापमान मोजावं. 80 अंशांच्या वर जात असेल तर एक दाता मागे.

गैरसमज: पिनियन मोटरच्या शाफ्टवर बसला म्हणजे जमला

दात्यांची जाडी दोन पद्धतींनी सांगतात, एक मोड्यूल आणि दुसरी पिच. 25.4 ला पिचने भागलं की मोड्यूल मिळतं. 32 पिच म्हणजे 0.794, त्यामुळे 0.8 मोड्यूलशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. 64 पिच म्हणजे 0.397, तेही 0.4 च्या शेजारीच. घोळ होतो तो 48 पिचमध्ये. त्याचं मोड्यूल 0.53 येतं आणि टीटी-02 चा मूळ स्पर 0.6 चा आहे. हाताने फिरवताना दोन्ही जमल्यासारखे वाटतात, मोटर लावल्यावर कर्कश आवाज येतो आणि एका बॅटरीत स्पर संपतो. जोडी बरोबर असेल, तर दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करावी आणि पट्टी काढून घ्यावी. तेवढी फट पुरते.

गैरसमज: फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, म्हणजे चारही चाकं कायम ओढणारच

याबाबतीत जाणत्यांचाही गोंधळ होतो. साधा, मोकळा डिफ दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या जोडीदारालाही जवळजवळ काहीच मिळत नाही.

टीटी-02 मध्ये पुढे एक आणि मागे एक डिफ आहे. मध्ये डिफ नाही, पुढचा-मागचा भाग सरळ शाफ्टने बांधलेला आहे. त्यामुळे पुढचं एक चाक उचललं गेलं तरी मागची जोडी गाडी ढकलत राहते. 1/8 मापाच्या बगीत मात्र तीन डिफ असतात: पुढे, मध्ये, मागे. तिन्ही मोकळे ठेवले तर एकच चाक हवेत जाताच सगळी ताकद तिकडे वाहून जाईल. म्हणून त्यांत घट्ट सिलिकॉन तेल भरतात. पुढे 5000, मध्ये 7000, मागे 3000 सेंटिस्टोक ही सुरुवातीसाठी बरीच रुळलेली मापं आहेत. साधं पाणी साधारण 1 सेंटिस्टोक असतं, यावरून घट्टपणाची कल्पना यावी.

यातूनच पुढचा गैरसमज येतो: तेल जितकं घट्ट तितकी पकड चांगली. मधलं तेल घट्ट केलं की मागच्या चाकांना जोर जास्त मिळतो आणि गाडी झेप घेते, पण निसरड्या मातीत तीच गाडी गरकन फिरते. पातळ केलं की हलकी झालेली पुढची चाकं उगाच फिरतात, पण गाडी शांत वागते. मागचा डिफ फार घट्ट केला तर वळणात शेपूट सुटते. टीटी-02 च्या मूळ डिफमध्ये पातळ तेल टिकत नाही, पाझरतं. तिथे घट्ट ग्रीस भरतात, किंवा तेलबंद डिफ वेगळा घेतात. शॉक अॅब्सॉर्बरचं तेल डिफमध्ये ओतू नये. त्यावरचे आकडे बहुधा ‘वेट’मध्ये असतात आणि 30 वेट म्हणजे जेमतेम 350 सेंटिस्टोक.

रस्त्यावरच्या शर्यतींच्या गाड्यांत पुढे डिफच्या जागी पूर्ण जाम असलेला स्पूल बघून अनेकजण घरी तेच करतात. चांगल्या पकडीच्या ट्रॅकवर स्पूलमुळे गाडी वळणातून जोरात बाहेर पडते. धुळीच्या पार्किंगमध्ये ती वळायचंच नाकारते.

गैरसमज: सीव्हीडी म्हणजे सगळीकडे एकसारखा वेग

चाकाकडे जाणाऱ्या या शाफ्टच्या नावातच ‘स्थिर वेग’ असला, तरी आरसीतला सीव्हीडी हा बहुतेक वेळा एकच सांधा असतो, आणि एका सांध्याला वेग स्थिर ठेवता येत नाही. चाक 30 अंशांत वळवलं, तर एका फेऱ्यात त्याचा वेग दोनदा 13 टक्के खाली आणि दोनदा 15 टक्के वर जातो. पूर्ण स्टिअरिंगला पुढून येणारी थरथर ती हीच, स्पूल असेल तर जास्तच. शर्यतवाले म्हणून पुढे दुहेरी सांध्याचा शाफ्ट घालतात. त्यात एका सांध्याची चूक दुसरा भरून काढतो. मागे कोन छोटा असतो, तिथे दुहेरीवर पैसे घालू नयेत. दोन टोकांना पिना असलेल्या साध्या डॉगबोन शाफ्टपेक्षा सीव्हीडीचा खरा फायदा म्हणजे तो उडीनंतर निखळून पडत नाही.

बेल्ट जुना, शाफ्ट आधुनिक?

बेल्ट जुनाट झाला, असंही ऐकू येतं. पण 1987 ची 4डब्ल्यूडी ऑफ-रोड जागतिक स्पर्धा मासामी हिरोसाका जिंकला, ती शूमाखरच्या बेल्टवाल्या कॅट गाडीवर. एक्सरेची टी4 ही शर्यतीची गाडीही बेल्टवरच चालते. असोसिएटेडची बी74 बगी मात्र शाफ्टवर. बेल्ट गुळगुळीत चालतो, पण त्यात खडा अडकला की दाते जातात. शाफ्ट बंद घरात सुरक्षित राहतो, पण जोर देताना गाडीला किंचित पिळतो. मोकळ्या मैदानावर खेळायचं असेल तर शाफ्ट घ्या, इतकं पुरे.

झटका बसला की घसरणारा स्लिपर क्लच सैल ठेवला की गिअर वाचतात, असंही म्हणतात. फार सैल स्लिपर सतत घसरतो, तापतो आणि शेजारचा प्लास्टिकचा स्पर वितळवतो. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या व्यासाचे लावणंही महागात पडतं, कारण मध्ये डिफ नसेल तर दोन्ही जोड्या एकमेकींशी भांडत राहतात.

पैसे मोजकेच असतील, तर ते आधी बेअरिंगवर घाला. अनेक संचांत प्लास्टिकचे बुश येतात. ते झिजून भोक लंबगोल होतं, शाफ्ट हलतो आणि गिअरचे दाते नीट जुळेनासे होतात. टीटी-02 ला 1150 मापाची, म्हणजे बाहेरून 11 आणि आतून 5 मिलिमीटरची बेअरिंग लागतात. रबर सीलची घ्या, सिरॅमिकच्या मागे लागू नका. त्यानंतर पोलादी पिनियन, मग डिफचं तेल, मग पुढचे सीव्हीडी. स्पर मात्र प्लास्टिकचाच ठेवा आणि दोन जादा आणून ठेवा. आणि नवी गाडी घेण्याआधी दुकानात एक प्रश्न जरूर विचारा: या गाडीचा स्पर आणि आउटड्राइव्ह इथे मिळतो का? उत्तर ‘मागवावा लागेल’ असं आलं, तर दुसरी गाडी बघा.