कळंबच्या परिसरातील सहल

धाराशिव जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव मांजरा नदीच्या काठी वसलेले आहे. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. कळंबची ओळख प्रामुख्याने बाजारपेठेचे गाव अशी असली, तरी एक-दोन दिवसांच्या फेरीत पाहता येतील अशी अनेक स्थळे त्याच्या आसपास आहेत. त्यांपैकी काही देवस्थाने आहेत, काही इतिहासप्रसिद्ध आहेत, तर एक अभयारण्य आहे. यात्रेकरू दर्शन घेऊन परततो, विद्यार्थी शिलालेखाकडे किंवा मूर्तीकडे पाहतो. शेतकऱ्याने मात्र या स्थळांकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. या भागातील माती, पाणी आणि वन यांचा जुना हिशेब तेथे मांडून ठेवलेला आहे.

सहलीस निघण्यापूर्वी भूमीची ठेवण ध्यानात घ्यावी. बालाघाटाची डोंगररांग या जिल्ह्यातून जाते आणि पावसाच्या पाण्याची वाटणी करते. पश्चिमेच्या उतारावरील पाणी सीना व भीमा या नद्यांच्या वाटेने कृष्णेस मिळते. पूर्वेकडील पाणी मांजरा आणि तेरणा घेऊन जातात. तेरणा पुढे मांजरेस आणि मांजरा गोदावरीस मिळते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब असे दोन निराळ्या खोऱ्यांत जातात. माथ्यावरील जमीन हलकी व मुरमाड, तर नदीकाठची काळी व खोल, हा फरकही याच रचनेतून आला आहे.

कळंबहून पश्चिमेस निघाले की येरमाळा लागते. धुळे-सोलापूर महामार्गावरील हे गाव येडेश्वरी देवीमुळे सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. देवीचे मंदिर डोंगरावर आहे. सीतेच्या शोधात फिरणाऱ्या श्रीरामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वतीने सीतेचे रूप घेतले, परंतु रामाने तिला ओळखले आणि ‘आई, तू वेडी आहेस’ असे म्हटले, त्यावरून येडाई हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते. तुळजाभवानीची बहीण म्हणूनही भाविक तिला मानतात.

येथील मुख्य यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, नांगरट चालू असते किंवा आटोपलेली असते, त्यामुळे शेतकऱ्यास सवड असते. या यात्रेतील चुना वेचण्याची प्रथा अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. पालखी डोंगरावरून खाली येते आणि वाटेतील रानात हजारो स्त्री-पुरुष काळ्या मातीतून चुनखडीचे पांढरे खडे वेचून देवीस अर्पण करतात. हा चुना मंदिराच्या रंगकामासाठी वापरण्याची परंपरा आहे.

भाविकांच्या दृष्टीने हे खडे देवीचा प्रसाद होत. त्या श्रद्धेस बाध न आणताही शेतकऱ्याने त्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपल्या काळ्या जमिनी काळ्या पाषाणापासून तयार झाल्या. त्या पाषाणात चुन्याचा अंश असतो. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात तो पाण्याबरोबर धुपून जातो, परंतु मराठवाड्यात पाऊस बेताचा असल्याने तो जमिनीतच राहतो आणि खालच्या थरांत खड्यांच्या रूपाने साचतो. नांगराच्या तासाबरोबर किंवा धुपीमुळे हे खडे वर येतात. पूर्वी अशाच खड्यांची भट्टी लावून आणि घाणीत मळून बांधकामाचा चुना तयार होत असे.

ज्या रानात असे खडे विपुल दिसतात, तेथे पिकाकडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. जमिनीत मुक्त चुना जास्त झाला म्हणजे लोह असूनही ते पिकास घेता येत नाही. ऊस, भुईमूग व सोयाबीन यांची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच शेतकरी केवडा म्हणतात. पुष्कळदा हा रोग समजून औषधे फवारली जातात किंवा नत्राची कमतरता समजून युरिया टाकला जातो. तो खर्च व्यर्थ जातो. अशा वेळी हिराकस शेणखतात मुरवून द्यावा आणि उभ्या पिकावर त्याची सौम्य फवारणी करावी. प्रमाण माती परीक्षणानंतर ठरवावे. परीक्षणाचा अहवाल आल्यावर त्यातील मुक्त चुन्याचा आकडा अवश्य वाचावा. तो न पाहता जमिनीत चुना मिसळण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो या भागात स्वीकारू नये.

येरमाळ्याहून महामार्गाने दक्षिणेस गेल्यावर येडशी लागते. लातूर-कुर्डूवाडी लोहमार्गावर येथे स्थानकही आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरकरांसाठी पाणी घेऊन गेलेल्या आगगाड्या याच लोहमार्गाने गेल्या. लातूरला पाणी पुरविणारा धनेगावचा मांजरा प्रकल्प त्या वर्षी कोरडा पडला होता. हे धरण कळंबपासून दूर नाही. भरल्या वर्षी त्याचा विस्तीर्ण जलाशय नेत्रसुखद दिसतो, परंतु २०१६ चा उन्हाळा ज्यांनी पाहिला, त्यांना ते पाणी केवळ शोभेचे वाटणार नाही.

येडशीजवळच्या दरीत रामलिंगाचे प्राचीन देवालय आहे. रावणाशी झुंजून घायाळ झालेला जटायू येथेच पडला आणि त्यास पाणी देण्यासाठी रामाने बाण मारून झरा उत्पन्न केला, अशी आख्यायिका आहे. पावसाळ्यात मंदिरालगत धबधबा कोसळतो आणि श्रावणात दर्शनास मोठी गर्दी लोटते. कोळपणी-खुरपणी उरकलेली असते, तेव्हा हीच वेळ कुटुंबासह जाण्यास सोयीची. माकडांची येथे फार वस्ती आहे. हातातील पिशवी सांभाळावी, हे सांगावे लागते. त्यांना खाऊ घालण्याची सवय मात्र यात्रेकरूंनी सोडावी. माणसाच्या हातचे खाण्यास सोकावलेली माकडे पुढे आसपासच्या शेतांत शिरतात आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास बसतो.

सभोवतीच्या वनास १९९७ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. हे पानगळीचे शुष्क वन आहे. उन्हाळ्यात ते उघडेबोडके वाटते आणि पहिल्या पावसानंतर ओळखू येत नाही. जोरदार सरीनंतर वनातील उतार आणि बाहेरचा चराईने बोडका झालेला उतार एकदा शेजारी शेजारी पाहावेत. एकीकडचे पाणी पालापाचोळ्यातून हळूहळू झिरपत येते, दुसरीकडचे गढूळ होऊन माती घेऊन धावते. बांधबंदिस्तीवर दिलेल्या चार व्याख्यानांनी जे पटत नाही, ते या एका दृश्याने पटते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांची सहल येथे न्यावी ती उन्हात नव्हे, पावसातच.

डिसेंबर २०२४ मध्ये या लहानशा अभयारण्यात वन विभागाच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आल्याचे त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून ओळखण्यात आले. जिल्ह्यात खळबळ उडाली, आणि ते स्वाभाविकच होते. वनाचा आसरा वाघास पुरेसा वाटला, ही अभिमानाची गोष्ट खरी, परंतु ज्याची गाय किंवा वासरू जाते, त्याला केवळ अभिमान पुरत नाही. वनालगतच्या शेतकऱ्यांनी जनावरे रात्री उघड्यावर बांधू नयेत, चारण्यास वनात सोडू नयेत आणि जनावर मारले गेल्यास ते जागेवरून न हलविता वन विभागास तात्काळ कळवावे. पंचनामा झाल्यावाचून भरपाई मिळत नाही. मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचा अविचार कोणी केल्यास भरपाई तर दूरच, फौजदारी गुन्हा मात्र ओढवतो.

येथून पूर्वेस तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. आज एखाद्या मोठ्या खेड्यासारखे दिसणारे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने परदेशांत प्रसिद्ध होते. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले असून, तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरास नेली जात असल्याची नोंद आहे. भडोचहून हा माल समुद्रमार्गे पश्चिमेस जाई. तगर म्हणजेच तेर, हे विद्वान फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेर येथेही मिळाली आहे. बैलगाडीची लांबची वाट आणि त्यापुढे समुद्र एवढ्या अंतरावर तगरचा माल खपत होता, हे वाचून शेजारच्या तालुक्यात भाव न मिळाल्याची खंत बाळगणाऱ्या शेतकऱ्यास मौज वाटेल.

तेर येथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून त्याचा मागील भाग हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार आहे. महाराष्ट्रात टिकून राहिलेल्या अगदी जुन्या इमारतींत त्याची गणना होते. उत्तरेश्वराच्या मंदिराची कोरीव लाकडी चौकटही पाहण्यासारखी आहे. येथील जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचे तूस मिसळल्यामुळे भाजताना तूस जळून वीट सच्छिद्र होते, हे त्यामागील कारण होय.

संत गोरोबाकाकांचे हेच गाव. नामदेव-ज्ञानदेवांच्या मेळ्यातील हे वडील संत माती तुडवीत, मडकी घडवीत राहिले. संतमंडळींची डोकी थापटण्याने थापटून कोणते मडके कच्चे राहिले ते त्यांनी सांगितले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. त्यांचे समाधिमंदिर तेरणेच्या काठी असून चैत्र वद्य पक्षात तेथे यात्रा भरते. येरमाळ्याच्या यात्रेनंतर थोड्याच दिवसांनी ती येत असल्याने काही भाविक दोन्ही साधतात.

तेरच्या आसपास पांढरीची टेकाडे आहेत. जुन्या वस्त्या ढासळून त्यांवर राख, शेण, हाडे आणि मातीचे थर साचले, त्यांतून ही पांढरी माती झाली. तिच्यात पिकास उपयोगी द्रव्ये असतात, म्हणून ती खणून शेतात पसरण्याची आणि माळवदावर घालण्याची चाल ठिकठिकाणी पूर्वापार आहे. या खणण्यात मणी, नाणी, मृण्मूर्ती वर आल्या आणि कित्येक फुटून, विकून नाहीशाही झाल्या. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आज गावात आहे आणि ते पाहिल्यावाचून तेरहून परतू नये.

शेतकरी पांढरीची माती नेतो ती लोभाने नव्हे, गरजेने. तथापि एका गाडीभर मातीतून मिळणारे खत शेणखत, कंपोस्ट किंवा हिरवळीच्या खताने भरून काढता येते. खणून काढलेला थर मात्र पुन्हा लावता येत नाही आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे एकदा नाहीसे झाले की तिचा इतिहासही जातो. तेव्हा अशा टेकाडास कुदळ लावू नये, तेथे यंत्र तर मुळीच नेऊ नये. नांगरताना किंवा विहीर खणताना जुनी वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. तलाठ्यामार्फत ती देता येईल. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये, जशी मिळाली तशी, मातीसकट ठेवावी आणि जागेवर खूण करावी.

ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस असेल, त्यांनी तुळजापूरचे दर्शन घेऊन नळदुर्गास जावे. इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, तेथे बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. नदीला पूर आला म्हणजे नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत महालात मनुष्य कोरडा उभा राहू शकतो. पश्चिमेस भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये तेथे सल्लेखना घेतली. त्या भागातील खवा प्रसिद्ध असून कोरडवाहू शेतीस दुधाच्या जोडधंद्याने कसा आधार मिळतो, ते भट्टीवर उभे राहून पाहता येते.

पाऊस उघडल्यावर, खरिपाची काढणी सुरू होण्याआधी, तेर आणि नळदुर्ग पाहण्यास हवा उत्तम असते. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून निघावे.