जीएम सोयाबीन : दोन अक्षरांचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी खरिपात प्रामुख्याने सोयाबीन घेतो. हे सोयाबीन जनुकीय बदल केलेले, म्हणजेच 'जीएम' नसते. भारतात तशा वाणाच्या लागवडीस परवानगीच नाही. मात्र त्याच शेतकऱ्याच्या घरी किराणा दुकानातून येणाऱ्या सोयाबीन तेलाबाबत तसे खात्रीने सांगता येत नाही. देशात हे तेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना व ब्राझीलमधून येते आणि तेथील जवळजवळ सर्व सोयाबीन जीएम असते.

अशा खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर 'जीएम' ही अक्षरे छापण्याचे बंधन केंद्र सरकारने १ जानेवारी २०१३ पासून घातले. अडचण तपासणीची आहे. प्रयोगशाळा पदार्थातील डीएनए किंवा प्रथिने शोधते. शुद्धीकरण केलेल्या तेलात ती जवळपास उरतच नाहीत. युरोपीय महासंघाने २००४ पासून वेगळा मार्ग धरला. चाचणीत काही आढळो वा न आढळो, मूळ पीक जीएम असेल तर तेलावर तसा उल्लेख हवाच. त्यासाठी अर्थातच शेतापासून बाटलीपर्यंतची कागदपत्रे सांभाळावी लागतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली. क्विंटलला दहा हजारांपुढे गेलेला सोयाबीनचा भाव नव्या हंगामात कोसळला. ही पेंड खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्यावर तसा उल्लेख करण्याची सक्ती युरोपातही नाही. धाराशिवचे सोयाबीन जीएम नाही, ही त्याची जमेची बाजू. पण आडतीवर भाव ठरतो तो ओलावा आणि काडीकचरा पाहून.