गोंड राजे आणि आपल्याला न येणाऱ्या भाषा

आदिलाबादच्या मराठी शाळेत इतिहासाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो: सर, शिवाजी महाराजांचा इतिहास आम्ही वाचतो, पण आपल्या भागात राजे होते का? होते. उटनूरला होते, माणिकगडाला होते, आणि या सगळ्यांच्या वर चांद्याचे गोंड राजे होते. परंपरा सांगते की त्यांची पहिली राजधानी आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या सिरपूरला होती. तिथून ती बल्लारपूरला आणि मग चंद्रपूरला गेली. १७५१मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी नीलकंठशहाचे राज्य घेतले आणि हा वंश सत्तेवरून गेला. एवढे सांगून झाले की एखादा हुशार मुलगा विचारतो, हे कुठे वाचायला मिळेल? मग मात्र उत्तर लांबते. या राजांविषयीचे कागद फारसीत आहेत, अहवाल इंग्रजीत आहेत आणि आठवण गोंडीत आहे. मराठीत जे आहे त्यातले बरेचसे या तिघांवरून घेतलेले आहे.

राजघराण्यांच्या इतिहासाच्या ओढीने मी आधी उर्दू, मग फारसी आणि बऱ्याच उशिरा गोंडी शिकायला घेतली. त्यात एक गोष्ट लक्षात आली ती अशी की भाषा बदलली की राजाचा दर्जाच बदलतो. त्याविषयी थोडे लिहितो.

फारसीपासून सुरुवात करू. अकबराने वऱ्हाड घेतल्यावर अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती दिली. तीत चांद्याचा राजा बाबाजी येतो: जातीने गोंड, पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ. आकडे ऐकून मुलांचे डोळे चमकतात. पण त्यानंतरच्या मोगल लेखनात हाच राजा ‘चांद्याचा जमीनदार’ होतो. मराठी वाचक इथे अडखळतो, कारण आपल्या कानाला जमीनदार म्हणजे शे-दोनशे एकरांचा मालक. मोगल दफ्तराच्या भाषेत मात्र बादशहाच्या खाली असलेला आणि स्वतःचा मुलूख वंशपरंपरेने राखणारा कोणीही जमीनदार असे. त्यात खेड्यातला वतनदार आला आणि गडकोट बाळगणारा राजाही आला. तीच गोष्ट ‘पेशकश’ या शब्दाची. दिल्लीच्या कारकुनाने ती अधीनतेची खूण म्हणून नोंदवली. देणाऱ्याच्या दरबारात तिला काय म्हणत असतील, ते त्या कागदात येत नाही.

मराठी माणसाला फारसी सोपी जाईल असे सगळे सांगतात. नामांपुरते ते खरे आहे. सनद, फर्मान, इनाम, महसूल, दफ्तर हे शब्द आपल्या घरातलेच. गोंड सरदारांना आपल्याकडे मोकाशी म्हणतात, तोही शब्द मोकासा या जुन्या दरबारी संज्ञेतून आलेला. पण ओळखीचा शब्द दिसला की आपण कोश उघडत नाही, आणि फसतो. ‘शिकस्त’ आपल्याकडे प्रयत्नांची पराकाष्ठा. फारसीत ती पराभव किंवा मोडतोड. मी विद्यार्थ्यांना सांगतो, मराठीत रुळलेला प्रत्येक फारसी शब्द कोशात एकदा पाहूनच घ्या.

खरी अडचण लिपीची. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि आपला ‘ळ’ तिला मुळीच येत नाही. शिकस्ता वळणाच्या घाईच्या हस्ताक्षरात नुक्तेही गळतात. एखादे गोंडी किंवा मराठी विशेषनाम अशा कागदात शिरले की त्याचे काय होईल सांगता येत नाही. १६६७ साली दिलेरखानाने चांद्यावर स्वारी केली. त्या वेळी शरण येऊन जबर खंडणी कबूल करणाऱ्या राजाचे नाव फारसी इतिहासात ‘मांजी मल्लार’ असे वाचले जाते. आता चांद्याच्या वंशावळीत बाबाजी बल्लाळशहा, धुंड्या रामशहा, कृष्णशहा, बीरशहा, रामशहा असे सगळे आहेत. मांजी मल्लार कुठेच नाही. मल्लार हे बल्लाळचे बिघडलेले रूप असेल का? ळ जाऊन र येणे शक्य आहे. हातच्या लिखाणात म आणि ब यांची गल्लत अशक्य नाही. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, आणि ‘मांजी’चे कोडे तरीही उरतेच. हे नाव मूळ हस्तलिखितांत कसे लिहिले आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यावर बोलू नये, आणि पाहायचे तर लिपी यायलाच हवी.

कालगणनेचेही तसेच. या स्वारीचे हिजरी साल १०७७. ते जुलै १६६६ ते जून १६६७ असे दोन इंग्रजी सालांत पसरलेले आहे, तेव्हा महिना पाहिल्याशिवाय साल ठरत नाही. निजामाच्या राज्यात फसली साल चाले आणि त्याचे महिने आजुर, दै, बहमन असे इराणी नावांचे. फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. कोमरम भीमच्या उठावाच्या सुमाराचे सरकारी कागद पाहताना १३५० हा आकडा दिसला की ते १९४०-४१ आहे हे माहीत असावे लागते. आमच्याकडच्या जुन्या घरांतल्या पट्ट्यांवर आणि पावत्यांवर हेच साल असते. घरातली मंडळी ते विक्रम संवताचे असेल की हिजरी, यावर वाद घालत बसतात.

आता व्याकरणाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोलाची शिकवण तिथेच आहे. फारसीत लिंगभेद नाही. ‘ऊ गुफ्त’ म्हणजे तो म्हणाला आणि ती म्हणाली, दोन्ही. बीरशहाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने दत्तक रामशहाच्या नावाने चांद्याचा कारभार पाहिला. चंद्रपुरातली बीरशहाची समाधी तिचीच. अशा काळातल्या एखाद्या फारसी मजकुरात नाव किंवा किताब नसेल, तर बोलणारा राजा की राणी हे क्रियापदावरून कळणार नाही. मराठी अनुवादकाला मात्र ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’ यांतले एक लिहावेच लागते, आणि सवयीने हात ‘म्हणाला’कडे जातो. गोंडीचा प्रकार तिसराच. तिथे पुरुष एका बाजूला. बाई, गाय, झाड, दगड हे सगळे दुसऱ्या बाजूला. म्हणजे राणीचे क्रियापद आणि नदीचे क्रियापद एकच. यावरून गोंडांच्या मनात स्त्रीची किंमत कमी असे अनुमान कोणी काढू नये. व्याकरणावरून समाज ओळखायचा तर फारसी बोलणारे सर्वांत समतावादी ठरतील! पण परधानाने सांगितलेल्या कथेत कोणी काय केले हे मराठीत उतरवताना प्रत्येक वाक्याला थांबावे लागते.

या दोन्ही वाटा एकाच माणसाने चालून दाखवल्या आहेत आणि तो माणूस आपल्या जिल्ह्यात राहिलेला आहे. सेतुमाधवराव पगडी, जन्म १९१०, निलंगा. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत असताना आदिवासींच्या कामासाठी ते आदिलाबादेत आले, गोंडी आणि कोलामी शिकले, गोंडीचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. पुढे याच माणसाने भीमसेन सक्सेना आणि खाफीखान यांचे फारसी इतिहास मराठीत आणले, मोगल दरबारची बातमीपत्रे आणली. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. गोंडीच्या व्याकरणाची आठवण फार थोड्यांना असते. मला ही दोन कामे वेगळी वाटत नाहीत. गोंडाच्या तक्रारी दुभाष्याविना ऐकायच्या म्हणून गोंडी, आणि औरंगजेबाच्या गोटातले बोलणे इंग्रजी भाषांतराविना ऐकायचे म्हणून फारसी, अशी ती एकच ओढ दिसते. पुण्यात ग. ह. खऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ ही माला काढली, गोव्यात पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तर उघडले. त्यांच्याच पंक्तीतले हे नाव.

गोंडीची बाजू फारसीपेक्षा अवघड आहे, कारण तिथे कागद नाही, माणूस आहे. गोंडांच्या कुळांच्या, देवांच्या आणि राजांच्या कथा परधान सांगतात. प्रत्येक गोंड घराचा परधान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. हातात तीन तारांची किंगरी घेऊन तो गोंडीत गातो. आणि मराठी वाचकाला नवल वाटेल, पण आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. व्हिएन्नाहून आलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८च्या आपल्या राजगोंडांवरील ग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे गोंड राजांची स्मृती शतकानुशतके जपली ती चुलीपाशी मराठी बोलणाऱ्यांनी, आणि जपली ती मराठीत नव्हे, यजमानाच्या भाषेत. राजांसाठी दुसऱ्याची भाषा आत्मसात करण्याचे आपल्या भागातले पहिले उदाहरण शोधायचे तर ते पगडींच्या कितीतरी आधी, या किंगरीवाल्यांत सापडते. त्यांना आपण संशोधक म्हणत नाही एवढेच.

हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने १९४३च्या सुमारास मार्लवाईला गोंड शिक्षक तयार होऊ लागले, तेव्हा गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. त्यामुळे मराठी येणाऱ्याला गोंडीचे दार अर्धे उघडेच असते. उच्चार कानाने घ्यावे लागतात आणि क्रियापदांसाठी तेलुगूची मदत होते, कारण गोंडी द्राविडी आहे. तिला मराठीची बोली समजणारे शिक्षक अजून भेटतात. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख आहेत.

नारनूर मंडळातल्या गुंजाळा गावी गोंडीची स्वतंत्र लिपीही सापडली. त्या लिपीतली हस्तलिखिते वाचू शकणारी मोजकी म्हातारी माणसे गावात होती, त्यांच्याकडून ती इतरांनी शिकून घेतली, आणि २०१८मध्ये युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली. आता ती संगणकावर लिहिता येते.

विद्यार्थी विचारतात, सुरुवात कुठून करू? उर्दूपासून करा. आदिलाबादेत ती रोज कानावर पडते आणि लिपी हाताला बसते. फारसीची क्रियापदे मग वर्षभरात येतात. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळचे दख्खनचे मोगल कागद आहेत. त्यांतले ‘अर्ज-ओ-चेहरा’ आधी मागा. शिपायाचा वर्ण, तीळ, जखमेचा व्रण आणि घोड्याच्या खुणा अशी ती हजेरी असते. वाक्यरचना तीच ती येते, त्यामुळे नवशिक्याला ती झेपते. पण त्याच वर्षी पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेलाही जा आणि कोणी परधान किंगरी लावून बसला असेल तर त्याच्याजवळ बसा. मराठीत विचारले तर तो मराठीत उत्तर देईल. बाबाजी बल्लाळाविषयी विचारा. मांजी मल्लार हे नाव मी आजवर कोणत्या परधानाच्या तोंडून ऐकलेले नाही, तेही विचारा.