गाणं कुणाचं? (७) : शेवटच्या कडव्यातलं नाव

रेकॉर्डिंगच्या करारनाम्यावर या वेळी लिहीन म्हणालो होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सौंसर तालुक्यातल्या एका भजनकाराचं पत्र आलंय. शेवटच्या कडव्यात त्यांनी रीतसर आपलं नाव गुंफलेलं. पांढुर्ण्याकडच्या एका मंडळानं तेच भजन खंजिरी स्पर्धेत म्हटलं आणि नावाच्या जागी आपल्या बुवांचं नाव बसवलं. मात्रा जुळल्या, बक्षीसही मिळालं. पत्रलेखक विचारतात, ‘भजन लिहिलं त्याच आठवड्यात कागद पाकिटात घालून माझ्याच पत्त्यावर रजिस्टरनं पाठवला होता. पाकीट अजून फोडलेलं नाही. कोर्टात चालेल का?’

पाकिटाचा निकाल आधी लावू. ही युक्ती जगभर वापरतात, पण आपल्या कॉपीराइट कायद्यात तिला कुठेच जागा नाही. शिक्क्यावरची तारीख पाकिटाची असते, आतल्या कागदाची नव्हे. उघडं पाकीट पोस्टात टाकून पुढे केव्हाही कागद आत घालता येतो, हे समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत विचारील. त्यात २०२५ साली टपाल खात्यानं रजिस्टरची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. पाकीट जपून ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका.

आता नावाकडे येऊ, कारण माझा जीव खरा तिथेच अडकलेला आहे. छापखाना नव्हता तेव्हा आपल्याकडे गाण्याची मालकी कानानं ओळखली जाई. ‘तुका म्हणे’ आलं की तुकोबा, ‘एका जनार्दनी’ आलं की नाथ. आपल्या भागात भजनाच्या शेवटी ‘तुकड्यादास’ ऐकू आलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, हे पोरंसुद्धा सांगतात. भीमगीतांत हीच रीत वामनदादा कर्डकांनी चालवली.

पण या रीतीत भोक आहे. संत नामदेवांनंतर विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी झाला. दोघांच्या रचना गाथांमध्ये अशा मिसळल्या, की त्या निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. तिथे कुणी चोरी केलेली नव्हती. मुद्दाम नाव बदलणाऱ्याला तर काहीच जड नाही. चार मात्रांचं नाव काढून चार मात्रांचं दुसरं घातलं की झालं.

मग तुकोबांचे अभंग कशामुळे टिकले? संताजी जगनाडे आणि इतर टाळकऱ्यांच्या वह्यांमुळे. वि. ल. भाव्यांनी गाथा छापली ती संताजींच्या वह्यांवरून. सगळ्या लेखमालेतून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : पुरावा दुसऱ्याच्या हाती असला तरच त्याला वजन. शेताचा खसरा पटवाऱ्याच्या दप्तरात असतो म्हणून तो चालतो; आपल्याच कपाटातल्या कागदाला कोण विचारतो?

१९५७ चा कॉपीराइट कायदाही याच वाटेनं जातो. गाणं लिहून झालं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. पण कलम ५५ सांगतं, की प्रकाशित प्रतीवर लेखक म्हणून ज्याचं नाव असेल, उलट सिद्ध होईपर्यंत तोच लेखक धरायचा. म्हणजे नाव नुसतं गाऊन भागत नाही, ते छापून आलं पाहिजे.

म्हणून माझा आवडता उपाय सांगतो. गावातल्या छापखान्यात आपल्या भजनांची सोळा पानी पुस्तिका काढा. वर लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, तारीख. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत पाठवायची असते, आणि ग्रंथालयानं पोच द्यायची असते. आपल्याकडे भजनपुस्तिका काढणारे हे क्वचितच करतात. ती पोच म्हणजे सरकारी हातातला तारीखवार साक्षीदार.

दुसरा उपाय नोंदणीचा. कॉपीराइट कार्यालयात नमुना १४ भरायचा, एका रचनेला ५०० रुपये. डायरी नंबर मिळाला की हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं. कलम ४८ प्रमाणे ही नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. मात्र शब्द आणि चाल या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या रचना आहेत. आपली अर्धी भजनं सिनेमाच्या चालीवर असतात. तिथे नोंद फक्त शब्दांची करा. चाल स्वतःची असेल तर तिचाही अर्ज वेगळा. १९९४ पूर्वी कागदावर न उतरवलेल्या चालीला हक्कच नव्हता, आता तिला स्वरलेखन लागत नाही.

मोबाइलवर गाऊन ठेवत असाल तर मूळ फाइल पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फाइलसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (तिचा अंकी ठसा) येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत तिथे लंगडी पडते.

आता पत्रलेखकांचं भांडण. देवळातल्या खऱ्या धार्मिक विधीत भजन म्हटलं तर कलम ५२ प्रमाणे तो हक्कभंग नाही, त्यामुळे तिथल्या गाण्यावरून कुणाशी तंटा नको. भांडायचं ते नावावरून. कलम ५७ प्रमाणे रचना आपली म्हणवण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. गाणं विकलं तरी तो जात नाही, आणि लेखकामागे वारस तो बजावू शकतात. मुंबईला खेटे घालायचीही गरज नाही. कलम ६२ मुळे आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. त्याआधी मंडळाला साधी नोटीस पाठवा; बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

मंडळांनाही एक सांगतो. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. हक्काची साठ वर्षं पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. विधीत म्हणा, रेकॉर्ड करून विकायच्या आधी परवानगी घ्या.

करारनामा पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर कुणी स्टुडिओवाला ‘नंतर भरू’ म्हणून कोरा कागद पुढे सरकवील, त्यावर सही करू नका.