पेशीतल्या जाळ्याचे सांधे

मी जीवशास्त्राचा शिक्षक. काही वर्षांपूर्वी मानोऱ्यात ओळखीच्या एका घरी गेलो होतो. घरातला दहा वर्षांचा मुलगा हुशार, पण चालताना त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकत. वडिलांची चालही ताठरच. मुलाची शाळा बंद केलेली. आजी म्हणाली, "कोनाचा तरी तळतळाट लागला, भाऊ!"

पुढे तपासणीत कारण सापडले, ते 'अ‍ॅटलास्टिन' नावाच्या प्रथिनाच्या जनुकात. हे प्रथिन करते तरी काय?

आपल्या प्रत्येक पेशीत आंतर्द्रव्यजालिका असते. शाळेच्या पुस्तकात तुम्ही तिचे चित्र काढले असेल. 1945 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती प्रथम दिसली. तिच्या नळ्यांची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. शेतात ठिबकच्या नळ्या आपण 'टी' लावून जोडतो, तसे तीन तोंडांचे सांधे या जाळ्यात जागोजागी असतात. फरक एवढाच, की हे जाळे सतत हलते. जुने सांधे मोडतात, नवे जुळतात.

वरणावरचे तेलाचे दोन थेंब जवळ आले की आपोआप एक होतात. पेशीतल्या पटलांचे तसे नाही. पटल मेदाचेच, पण त्याच्या पृष्ठभागाला पाणी घट्ट धरून असते. त्यामुळे दोन पटले जवळ आणली तरी एकमेकांना दूर लोटतात. त्यांना एकजीव करायला जोर लागतो. तो अ‍ॅटलास्टिन लावते.

या प्रथिनाचे एक टोक नळीच्या पटलात रुतलेले, दुसरे बाहेर हातासारखे. समोरच्या नळीवरही असाच हात. जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू मिळाला की दोन्ही हात एकमेकांना धरतात. तो रेणू फुटला की हात मुडपतात आणि नळ्या ओढून भिडवतात. प्रथिनाची शेपटी पटलाची घडी विस्कटते, मेद मिसळतो आणि दोन नळ्यांची एक होते. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी फळमाशीचे अ‍ॅटलास्टिन मेदाच्या कृत्रिम पुटिकांत बसवले. जीटीपी घालताच पुटिका एकमेकींत मिसळल्या. दुसऱ्या कोणाची मदत लागली नाही.

याच कुळातले डायनामिन उलटे काम करते, म्हणजे पटल तोडते. त्याचा अभ्यास पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेत झाला आहे.

आता त्या मुलाकडे येऊ. मेंदूपासून पाठीच्या कण्याच्या खालच्या भागापर्यंत जाणारे चेतातंतू शरीरातल्या सर्वांत लांब तंतूंपैकी. ही जालिका त्यांच्यातही टोकापर्यंत पसरलेली असते. अ‍ॅटलास्टिन बिघडले की झळ बसते ती या लांब तंतूंना, म्हणून पाय ताठरतात. बुद्धीला सहसा धक्का लागत नाही. आई किंवा वडील, एकाकडून जरी सदोष जनुक आले तरी आजार होऊ शकतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

आजार मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. पण नियमित व्यायामोपचाराने आणि ताठरपणा कमी करणाऱ्या औषधांनी चालणे सुसह्य होते. मी आजींना एवढेच सांगितले, "आजी, हा तळतळाट नाही, सांध्याचा दोष आहे, पायातल्या नव्हे, पेशीतल्या." त्यांना किती पटले कोण जाणे. पण जूनमध्ये नातवाचे दप्तर त्यांनीच भरून दिले.