चेनचा स्क्रू हलत नाही, तेव्हा

खोपोलीत पावसाळा म्हणजे चार महिने ओल. घाटमाथ्यावर साठवलेल्या याच पावसाच्या पाण्यावर टाटांचं इथलं वीजघर 1915 पासून चालत आलं. मनगटावरच्या स्टीलच्या चेनला मात्र ही ओल सोसत नाही. त्यात कारखान्यातल्या पाळीचा घाम. मग एखादी कडी कमी करायची वेळ आली की स्क्रू जागचा हलत नाही.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हे अर्धंच खरं. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन एक अतिशय पातळ थर बनतो, तो धातूला राखतो. कड्यांच्या फटीत हवा पोचत नाही. घामातलं मीठ मात्र पोचतं आणि साचतं. तिथे तो थर तुटला की पुन्हा नीट धरत नाही, आणि स्क्रूचे आटे नेमके तिथेच असतात. भरीला साबण-मळाचा लगदा. शिवाय स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून अनेक कंपन्या आट्यांना लॉकटाइटसारखं द्रव लावतात. इथल्या फिटर मंडळींना ते नवं नाही.

पण तो स्क्रूच आहे का, हे आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याचशा घड्याळांच्या चेनमध्ये स्क्रू नसतोच, चिरलेली पिन असते. तिच्या टोकाची चीर खाचेसारखी दिसते, म्हणून लोक तिला पिळत बसतात. चेनच्या आतून कड्यांवर बाण कोरलेले असतील तर ती पिन समजा. बाणाच्या दिशेने ढकलून काढायची. स्क्रूची चेन सहसा महागड्या घड्याळांना असते.

खरा स्क्रू असेल तर चेन घड्याळापासून सोडवून घ्या. पुढचं सगळं उष्णतेवर चालतं, आणि उष्णता बॅटरीला आणि आतल्या रबरी कड्याला चालत नाही. कोमट साबणपाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा, मग हेअर ड्रायरने स्क्रूजवळचा भाग चांगला तापवा. गरम झालं की लॉकटाइट मऊ पडतं. नुसतं गंजाचं प्रकरण असेल तर भेदक तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा.

निम्मे स्क्रू बिघडतात ते चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने, असं माझं मत. पातं खाचेच्या लांबीएवढं रुंद आणि जाडीला घट्ट बसणारं हवं. चष्म्याच्या संचातलं बारीक, निमुळतं पातं खाचेच्या कडा खाऊन टाकतं. चेन लाकडी पट्टीवर घट्ट धरा. जोर खाली द्या, पिळायला कमी. आधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किंचित आवळून मग उलटं फिरवलं तर पकड सुटते. काही चेनना दोन्ही बाजूंनी स्क्रू असतो. तिथे एक धरून दुसरा फिरवावा लागतो, नाहीतर दोन्ही मिळून गरगरत राहतात.

घड्याळजींची एक जुनी युक्ती म्हणजे तुरटी. पितळी भागात तुटून अडकलेला साधा पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळतो आणि पितळ शाबूत राहतं. स्टीलच्या चेनला ती वापरू नका.

स्क्रू परत बसवताना कमी ताकदीच्या लॉकटाइटचा टाचणीच्या टोकाएवढाच थेंब लावा. लाल, कायमचं जोडणारं नको. आणि खाच झिजू लागली असेल तर तिथेच थांबून घड्याळजीकडे जा. स्क्रू नवा घालता येतो. खरवडलेली कडी मात्र महागात पडते.